रूप पालटणारी जपानी खेळणी

श्रोतेहो, बहुरूपी आपण सर्वांनी पाहिला आहे. आज तो फौजदार होऊन दारी येतो, उद्या पोस्टमन होऊन. सोंग बदलते, माणूस तोच. खेळण्यांतही असा एक बहुरूपी आहे. हातात घ्यावी तर मोटार. चार घड्या उलगडाव्या, तर डोके, हात, पाय असलेला यंत्रमानव! उरुसात, जत्रेत असे प्लॅस्टिकचे स्वस्त खेळणे आपल्या मुलांनीही घेतले असेल. त्याचे घराणे जपानचे, आणि त्या घराण्यातील जुनी खेळणी जमवणारे हौशी लोक आज जगभर आहेत.

टाकारा या जपानी कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची मालिका काढली. तिच्यात पुढे हुबेहूब मोटारी आल्या. १९८३ साली ‘मायक्रो चेंज’ आली. तीत टेपरेकॉर्डर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक अशा रोजच्या वस्तूंचे यंत्रमानव होत. १९८४ साली हॅसब्रो या अमेरिकन कंपनीने या दोन्हींतील खेळणी घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली, आणि ती घरोघर पोहोचली.

यातली खुबी कोणती म्हणाल, तर बिजागरी! दाराला असते तीच. कित्येक मोटारींत पुढचे झाकण छाती होते, दारे पाठीवर पंखांसारखी उभी राहतात, मागच्या भागातून पाय निघतात. एकच तुकडा दोन ठिकाणी दोन कामे करतो. शिक्षकबंधूंनो, बिजागरी आणि खिट्टी शिकवायला याहून सोपे साधन कोठे मिळेल?

आता जमवणारे काय पाहतात ते ऐका. पहिले, सुटे भाग. मूठ, बंदूक असे बारके तुकडे आधी हरवतात. ते शाबूत असतील तर खेळणे पूर्ण. दुसरे, अंगावर कोरलेले साल. त्यावर एकदम विश्वास टाकू नये. ते पुष्कळदा साच्याचे किंवा हक्काचे साल असते. त्याच साच्यातून पुढे पुन्हा माल निघतो. जुने म्हणून भारी दाम मोजणारा इथेच फसतो. तिसरे, खूण. नकला फार झाल्या तेव्हा १९८५ पासून ट्रान्सफॉर्मर्सवर एक चिकटपट्टी लावू लागले. बोटाने घासले की उबेने तिच्यात चिन्ह उमटे.

जपणूकही शिकावी लागते. उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. काही सोनेरी प्लॅस्टिक तर वर्षे गेल्यावर इतके ठिसूळ होते की हात लावताच तुटते. म्हणून बळजोरी करून सांधा फिरवू नये, आणि आत सेल असतील तर काढून ठेवावेत.

मौज अशी की, आपल्याकडचा मालही या शोधात आहे. एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीत १९८७ साली फनस्कूल कंपनी निघाली. तिचा कारखाना गोव्यात आहे. तिने भारतात विकलेले ‘जी. आय. जो’ नावाचे सैनिक रंगाने निराळे असत. आपण ते मोडून फेकले. परदेशातले शौकीन आज ते हुडकत आहेत.

तात्पर्य काय? परक्याचे महागडे खेळणे विकत घ्या, असे मी सांगत नाही. पण घरातले जुने खेळणे उकिरड्यावर टाकण्याआधी क्षणभर थांबा. शाळेच्या एका कपाटात ते ठेवा. सोबत चिठ्ठी लिहा: कोणाचे, कोठून आणले, कोणत्या साली, किती पैशांना, आणि मुले त्याच्याशी कशी खेळत. चिठ्ठी नसेल तर उद्या ती नुसती मोडकी वस्तू. उरुसातल्या यंत्रमानवाशेजारी पोळ्याचा मातीचा बैलही जरूर ठेवा. बैल करणारे हात अजून गावात आहेत. त्यांना आज विचारले, तरच ते आपल्याला सांगतील.