घरच्या टाकीतले पिरान्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पिरान्हा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? नदीत उतरलेलं जनावर, उकळल्यासारखं खळबळणारं पाणी आणि क्षणार्धात उरलेला हाडांचा सापळा. या चित्राला मोठा हातभार लावला तो अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. १९१३-१४ मध्ये ते ब्राझीलच्या जंगलात फिरून आले आणि १९१४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात पिरान्हा हा जगातला सर्वांत क्रूर मासा ठरला. पुढे १९७८ मध्ये याच नावाचा चित्रपट आला आणि उरलीसुरली कसर भरून निघाली. त्यामुळे घरी पिरान्हा पाळावेत असं एखाद्या हौशी तरुणाला वाटतं, तेव्हा त्यात मासे पाळण्याच्या आवडीपेक्षा पाहुण्यांना दचकवण्याची हौसच जास्त असते. मग टाकी आणली जाते, दोन-तीन मासे सोडले जातात आणि महिन्याभरात एकच उरतो. असं का होतं, हे आज पाहू.

हौशी लोक सहसा पाळतात तो लाल पोटाचा पिरान्हा. अॅमेझॉन आणि पाराग्वे-पाराना या नद्यांच्या खोऱ्यांत तो राहतो. तो थव्यानं फिरतो, पण शिकारीसाठी नव्हे. ब्राझीलमध्ये अॅन मॅगरन आणि हेल्डर केइरोझ या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. २००५ साली त्यांनी दाखवून दिलं, की दोनच्या गटात ठेवलेले पिरान्हा आठच्या गटातल्या पिरान्हांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यांचे कल्ले भराभर हलतात. म्हणजे सोबत कमी पडली की हा मासा घाबरतो. घाबरण्यासारखं त्याला पुष्कळ आहे. केमन जातीच्या मगरी, नदीतले डॉल्फिन, महाकाय पाणमांजरं, पाणकावळे हे सगळे त्याच्यावर टपलेले असतात. थवा म्हणजे त्याच्या दृष्टीनं आडोसा.

टाकीतल्या भांडणांची गुरुकिल्ली इथेच आहे. हा मासा मुळात भित्रा आहे, पण त्याच्या तोंडात सुरीसारखे दात आहेत. भीती, भूक आणि दाटी या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो शेजाऱ्याला चावतो.

पहिला प्रश्न संख्येचा. पिरान्हा एक तरी ठेवावा किंवा पाच-सहा तरी ठेवावेत. दोन किंवा तीन ही सर्वांत वाईट संख्या. दोघांत जो दांडगा असतो, त्याचा सगळा राग एकाच माशावर निघतो. त्याला पळायला जागा नाही आणि मार वाटून घ्यायला कुणी नाही. सहा मासे असले की दांडगाई विभागली जाते. कुणाचा पर कुरतडला जातो, कुणाची शेपटी फाटते, पण पाणी स्वच्छ असेल तर पर पुन्हा वाढतात.

दुसरा प्रश्न आकाराचा. सगळे मासे एकाच मापाचे हवेत आणि शक्यतो एकाच वेळी सोडावेत. लहान मासा मोठ्यांच्या लेखी सोबती नसतो, खाद्य असतो. बोटाएवढी पिल्लं तर एकमेकांना सर्रास खातात, म्हणून त्या वयात त्यांना उपाशी ठेवू नये. नंतर नवा मासा आणायचाच असेल, तर टाकीतली लाकडं आणि दगड आधी हलवून मांडणी बदलावी आणि दिवा मालवून मग त्याला सोडावा. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच नव्यानं सुरुवात करावी लागते.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि बहुतेकांचा बेत इथेच फसतो. दुकानात दोन इंचांचा असणारा हा मासा टाकीत आठ-दहा इंचांचा होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. पाच-सहा मोठ्या माशांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरली, तर तिच्यात जवळपास ६८० लिटर पाणी मावतं. म्हणजे पाण्याचंच वजन ६८० किलो, काच आणि वाळू वेगळी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. टाकीत लाकडाचे ओंडके आणि दाट वनस्पती हव्यात, उजेड मंद हवा. लपायला जागा असली की मासे निवांत राहतात.

खाद्याबद्दल फार गैरसमज आहेत. जिवंत गोल्डफिश सोडून तमाशा पाहणं चांगलं नाही. त्यातून रोग येतात आणि गोल्डफिशच्या शरीरातलं एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. सालासकट कोळंबी किंवा कमी तेलकट माशाचे तुकडे उत्तम. पिल्लांना रोज, मोठ्यांना एक दिवसाआड पुरे. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाकावं, कारण कुजलेल्या मांसानं पाण्यात अमोनिया वाढतो आणि अमोनियानं मासे चिडचिडे आणि आजारी होतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं. नळाचं पाणी क्लोरिन काढूनच घालावं. तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास ठेवावं, पाणी जास्त तापलं की भांडणंही वाढतात.

यांच्या भांडणालाही एक रीत आहे. २०११ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी टाकीत पाण्याखालचा मायक्रोफोन सोडून तीन प्रकारचे आवाज टिपले. समोरासमोर येऊन डोळे वटारताना भुंकल्यासारखा, खाण्यावरून झगडताना ढोलकीच्या थापेसारखा आणि पाठलाग करताना दात आपटल्याचा. एरवी मात्र हे मासे शांतपणे पोहत होते. म्हणजे चावण्याआधी धमकी असते, आणि टाकीत जागा असली तर बरेचदा ती धमकीच पुरते.

माणसाला चावा बसतो तो सहसा मासा पाण्याबाहेर काढताना. जाळी तो कुरतडतो, म्हणून डब्यात धरावा.

खरेदी करताना एक सावधगिरी घ्या. आपल्या बाजारात रूपचंद म्हणून मिळणारा लाल पोटाचा पाकू लहानपणी हुबेहूब पिरान्हासारखा दिसतो. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे बोथट असतात, पिरान्हाचे त्रिकोणी आणि धारदार. नदीत पिरान्हा सापडला अशी बातमी येते, तेव्हा पुष्कळदा तो रूपचंदच असतो. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा राज्यांत पिरान्हा बाळगायला मनाई आहे. आपल्याकडेही परदेशी माशांच्या आयातीला नियम आहेत, त्यामुळे मत्स्यव्यवसाय विभागाकडे आधी चौकशी करावी.

आणि कंटाळा आला म्हणून हा मासा तळ्यात, नदीत किंवा विहिरीत कधीही सोडू नये. परक्या माशानं एकदा पाय रोवले की त्याला काढता येत नाही, आणि मरतात ते आपले देशी मासे.

एवढी जागा, एवढा खर्च आणि दहा वर्षांची जबाबदारी झेपणार असेल तरच या वाटेला जावं. नाहीतर त्याच काचेत गप्पी किंवा मोली आनंदानं नांदतील.