ताऱ्याचे माहेरचे नाव

माणसाने नाव बदलले की त्याला शोधताना काय तारांबळ उडते, हे एखाद्या ग्रंथपालाला विचारावे. ‘गोविंदाग्रज’ मागावेत तर राम गणेश गडकऱ्यांचे कपाट उघडावे लागते. ‘कुसुमाग्रज’ म्हणावेत तर यादीत शिरवाडकर सापडतात. पण आकाशातल्या ताऱ्यांच्या नशिबीही हा नामांतराचा फेरा असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

समजा, एखाद्या जिज्ञासू मुलाला जुन्या पुस्तकात ‘सीपी १९१९’ नावाचा तारा भेटला. १९१९ हे शोधाचे साल असणार, असे त्याला वाटेल. पण तसे नाही. शोध लागला १९६७ साली. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या माळावर तारांचे मोठे जाळे उभारून रेडिओलहरी टिपण्याचे काम चालू होते. जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची विद्यार्थिनी यंत्रातून रोज निघणारा शंभरेक फूट कागद डोळ्यांनी तपाशी. त्या कागदावरच्या जेमतेम पाव इंचाच्या खरखरीवर तिची नजर अडली. पुढे नोव्हेंबरात नीट पाहिले, तेव्हा दर १.३३ सेकंदांनी एक ठोका, घड्याळासारखा नेमका! परग्रहावरचे कोणी साद घालीत नाही ना, अशी थट्टाही झाली. तो निघाला पल्सार, म्हणजे स्पंदक तारा: स्वतःभोवती गरगर फिरणारा, अतिघन असा मृत ताऱ्याचा अवशेष.

‘सीपी’ म्हणजे केंब्रिज पल्सार आणि १९१९ हा त्याचा पत्ता: विषुवांश १९ तास १९ मिनिटे. आता हा पत्ता घेऊन आपला जिज्ञासू आजच्या सूचीत गेला, तर तिथे त्याला ‘पीएसआर जे १९२१+२१५३’ असे नाव दिसेल. तारा तोच, मग दोन मिनिटे आली कोठून?

उत्तर आपल्या पंचांगकर्त्यांच्या ओळखीचे आहे: अयनचलन! भोवरा मंदावला की त्याची मान डुलते, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. त्याबरोबर आकाशावर आखलेले मोजमापाचे चौकोनही सरकतात. याच चलनाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ मांडला होता. जुने पत्ते १९५० च्या आखणीवरचे, नवे २००० च्या. म्हणून ‘सीपी १९१९’ आधी ‘बी १९१९+२१’ झाला आणि मग ‘जे १९२१+२१५३’. अधिक चिन्हापुढचे आकडे क्रांतीचे: खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस २१ अंश ५३ कला. त्याचा भाऊ ‘सीपी ०८३४’ही असाच आज ‘जे ०८३७+०६१०’ म्हणून नांदतो. तेव्हा शोधणाऱ्याने जुना आकडा दोन-तीन मिनिटांनी पुढे सरकवावा आणि क्रांती ताडून पाहावी. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या ‘सिंबाड’ सूचीत तर एकाच ताऱ्याची नवीजुनी नावे शेजारी शेजारी नोंदलेली असतात.

मौज अशी की, ज्या मुलीने हा तारा हेरला तिचेही नाव बदलले. १९६८ साली लग्न होऊन ती जोसेलिन बेल बर्नेल झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधावर पाच नावे होती, पहिले मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांचे, दुसरे तिचे. १९७४ चे नोबेल मिळाले ते ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना. ती यादीत नव्हती. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचे मोठे पारितोषिक लाभले, तेव्हा तिने ती सारी रक्कम पदार्थविज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या स्त्रिया, निर्वासित आणि अल्पसंख्य विद्यार्थी यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

आज ३,००० हून अधिक पल्सार ठाऊक आहेत आणि नवी नावे सोयीची आहेत, यात वाद नाही. तरी सूचीकारांनी जुने नाव पुसू नये. नवे नाव तारा कोठे आहे ते सांगते. ‘सीपी’ ही दोन अक्षरे मात्र तो कोठे सापडला ते सांगतात, आणि तिथवर गेले म्हणजे कागदावर वाकून बसलेली ती मुलगीही भेटते.