उठावाची नक्षी आणि जकातीचा शिक्का

जपानमधील नागोया शहरी नोरिताके येथील जुन्या कारखान्याच्या आवारात आता उद्यान आणि संग्रहालय उभे आहे, आणि संपादकांच्या आग्रहावरून मी तेथे गेलो तो कारखान्याची हकीकत लिहिण्याच्या इराद्याने. ती हकीकत थोडक्यात अशी: मोरिमुरा बंधूंनी १८७६ साली अमेरिकेशी व्यापार करण्यासाठी पेढी काढली, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील युरोपीय भांडी पाहून पेढीच्या धुरीणांनी आपल्या चित्रकारांना पाश्चात्त्य धाटणी आत्मसात करावयास लावली, १९०४ मध्ये नोरिताके गावी स्वतःचा कारखाना स्थापन झाला, आणि पुढील दहा वर्षांच्या खटपटीनंतर १९१४ मध्ये भोजनपात्रांचा पहिला संपूर्ण संच सिद्ध झाला.

मला खिळवून ठेवले ते मोरिआगे नावाच्या उठावकामाने. मेंदीच्या कोनासारख्या साधनातून पातळ कालवलेली माती थेंबाथेंबाने दाबून फुलदाणीच्या गळ्याभोवती मण्यांची रांग उठवीत बसलेली कारागीर बाई मी फार वेळ पाहत होतो. माती किंचित पातळ झाली तर थेंब पसरतो, घट्ट झाली तर हात उचलताना त्याला शेपूट फुटते. म्हणून प्रत्येक मणी बसविताना तिचा श्वास क्षणभर थांबे, आणि नळीचे टोक सरळ वर न उचलता किंचित कलते करून ती थेंब तोडी. सोने सर्वांत शेवटी चढते, तेही मंद आचेच्या भट्टीत; त्यामुळे ते झिलईत मुरत नाही, नुसते वर टेकून राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या फुलदाण्यांवर अशाच मण्यांच्या रांगा आहेत, आणि त्या घडविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

नाव लिहिले गेले ते देशाचे, आणि तेही जकातीच्या कायद्याने. १८९० च्या अमेरिकन कायद्यान्वये आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, तेव्हा जपानी व्यापाऱ्यांनी ‘निप्पॉन’ हा शिक्का पत्करला. १९२१ मध्ये अमेरिकन कस्टम खात्याने तो अमान्य करून ‘जपान’ लिहिण्याचा हुकूम काढला. या सुमारे तीस वर्षांतील मालावर आज संग्राहकांची झडप पडते, आणि माझी चिंता येथेच सुरू होते. कारण हात घडविण्यास वर्षे लागतात, शिक्का मात्र घटकेत उठतो. गेल्या काही दशकांत बनावट मालाचा सुळसुळाट झाला आहे. अस्सल शिक्क्यातील पर्णमालेत ‘एम’ हे रोमन अक्षर असते, तर एका नकली शिक्क्यात त्या जागी वाळूच्या घड्याळाची आकृती आली. मेपलच्या पानाचा अस्सल शिक्का जेमतेम पाव इंच रुंद, नकली त्याच्या दुप्पट. अशा चुका उघड होताच नक्कल करणारे त्या सुधारून घेतात. शिवाय अस्सल शिक्क्याखालीही काही वेळा छापील चित्र निघते, त्यावर हाताने रंगविल्याची ग्वाही असली तरी.

संग्रह करू इच्छिणाऱ्या वाचकास माझी विनंती आहे: भांडे उलटे करण्यापूर्वी उठावावरून बोट फिरवावे, भिंगाखाली रंगात छपाईचे ठिपके आहेत की कुंचल्याचे फराटे ते न्याहाळावे, सोन्याचा थर आणि मातीचे वजन पाहावे, आणि शिक्का अखेरीस वाचावा. घरी आणलेले भांडे कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावे; घासणीने ते सोने निघून जाते.