दरकी-चट्टानचा नाद

इंदूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे होळकरांचा राजवाडा उभा राहतो आणि जिभेला सराफ्यातील रात्र आठवते. त्याच इंदूर संस्थानाच्या उत्तर टोकाला असलेले, आज मंदसौर जिल्ह्यात मोडणारे भानपुरा मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इतिहासाची आवड असलेल्यांना एवढे ठाऊक असते की, इंग्रजांशी पुन्हा दोन हात करण्याच्या ईर्ष्येने यशवंतराव होळकरांनी येथे तोफा ओतण्याचा कारखाना घातला, १८११ साली येथेच त्यांचा अंत झाला आणि त्यांची छत्री आजही येथे उभी आहे. परंतु त्या कारखान्यातील घणांच्या कितीतरी सहस्र वर्षे आधी, भानपुऱ्याजवळच्या इंद्रगड डोंगरात दुसरेच घण वाजत होते. त्यांची कथा तोफांच्या कथेहून कमी रोमहर्षक नाही.

या डोंगरात दरकी-चट्टान नावाची एक अरुंद गुहा आहे. दरकी-चट्टान म्हणजे तडकलेला खडक. आत जावे तसतशी ती निमुळती होत जाते आणि शेवटी माणसाला अंग चोरूनच उभे राहावे लागते. हिच्या दोन्ही उभ्या भिंतींवर वाटीच्या आकाराचे सुमारे पाचशे खळगे कोरलेले आहेत. हरीण नाही, हत्ती नाही, शिकारी नाही, केवळ खळगे. २००२ पासून गिरिराज कुमार यांनी ऑस्ट्रेलियातील अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांच्या सहकार्याने येथे उत्खनन केले. तेव्हा मातीच्या थरांत, भिंतीवरून गळून पडलेल्या, खळगे असलेल्या शिळांचे तुकडे आणि ते खळगे पाडण्यासाठी वापरलेले दगडी हातोडे मिळाले. हे काम पूर्वपाषाणयुगाच्या आरंभीच्या पर्वातील आहे असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ते सर्वांना मान्य नाही. पण ते टिकले, तर जगातील अतिप्राचीन कलाकृतींत या भिंतीची गणना करावी लागेल.

वयाचा वाद पंडितांनी मिटवावा. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच एका गोष्टीने. हा खडक क्वार्टझाइट जातीचा, म्हणजे अत्यंत कठीण. गिरिराज कुमार यांनी तशाच खडकावर तसेच दगडी हातोडे वापरून खळगे पाडून पाहण्याचे प्रयोग केले. त्यांपैकी एका प्रयोगात एका खळग्यासाठी वीस हजारांहून अधिक घाव घालावे लागले, आणि तरीही खोली भरली ती काही मिलिमीटरच. गुहेत असे खळगे सुमारे पाचशे आहेत. किती हजारांना कितीने गुणावे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ज्या कपारीत दोन माणसांना नीट उभे राहता येत नाही, तेथे तासन्‌तास दगडावर दगड आपटत होता. आपण आज त्या भिंतीकडे पाहतो आणि तिला ‘चित्र’ म्हणतो. ज्यांनी ती कोरली, त्यांनी ती आधी ऐकली होती.

नादासाठीच हे घाव घातले असतील, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लोहाराच्या शाळेशेजारी राहणाऱ्याला विचारावे. घणाचा आवाज हा काही कोयत्याचा हेतू नव्हे. पण त्या आवाजावाचून कोयता होतही नाही, आणि आवाज बदलला की लोखंड कोठवर आले हे लोहाराला न पाहताही कळते. दरकी-चट्टानच्या कारागिराचा कान असाच तयार झाला असेल, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

गुहेतील चित्र आणि नाद यांचा संबंध जोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. प्राचीन संगीताचे अभ्यासक इगोर रेझ्निकॉफ आणि पुरातत्त्वज्ञ मिशेल दोव्हुआ यांनी १९८० च्या दशकात निओ, ल पोर्तेल यांसारख्या गुहांत हिंडून, जागोजागी सूर लावून, कोठे तो घुमतो आणि कोठे विरतो याच्या नोंदी केल्या. जेथे सूर अधिक घुमतो तेथे चित्रेही अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हणून पाहिलेल्या कोणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. परंतु नवल न वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी स्पेनच्या उत्तरेकडील पाच गुहांत ध्वनिवर्धक व सूक्ष्म ध्वनिग्राहक लावून शेकडो ठिकाणी मोजमाप झाले, तेव्हा चित्रे आणि नाद यांत काही संबंध दिसला खरा, पण तो क्षीण. शास्त्राची चाल अशीच असते.

त्याहून ठोस पुरावा आला तो एका शंखातून, आणि समुद्राकाठच्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल. फ्रान्समधील मार्सुला गुहेत १९३१ साली एक मोठा सागरी शंख सापडला होता. पेयपात्र असावे असे समजून तो संग्रहालयात ठेवण्यात आला. नव्वद वर्षांनी, २०२१ मध्ये अभ्यासकांनी पुन्हा पाहिले, तेव्हा त्याचे टोक मुद्दाम फोडलेले आढळले. आपल्याकडे शंख फुंकण्याजोगा करताना त्याच्या टोकाला भोक पाडतात, तोच प्रकार. आतल्या बाजूस तांबड्या गेरूचे ठिपके होते, आणि त्याच गुहेच्या भिंतीवर एक गवा तशाच ठिपक्यांनी रंगवलेला आहे. तज्ज्ञ वादकाने तो फुंकला, तेव्हा त्यातून तीन स्वर निघाले. सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वीचा तो शंख अटलांटिक किनाऱ्यावरून डोंगरातील गुहेत नेलेला होता. चित्र आणि वाद्य एकाच रंगाने रंगावे, याहून अधिक बोलका दुवा कोणता हवा?

आता पुन्हा माळव्याकडे येऊ. विष्णु श्रीधर वाकणकर, उज्जैनचे ‘हरिभाऊ’, यांनी १९५७ साली आगगाडीतून जाताना भीमबेटकाचे खडक पाहिले आणि तेथे पोहोचून ती चित्रे जगापुढे आणली. त्यांच्या कितीतरी आधीपासून चंबळच्या खोऱ्यातील शैलचित्रेही त्यांच्या पायांखालची झाली होती. भीमबेटकाच्या चित्रांत हातात हात गुंफून नाचणाऱ्यांच्या रांगा आहेत, ढोल वाजवणारेही आहेत. चित्रकाराने नाद रंगवला आहे, एवढे तर निश्चित. मात्र भीमबेटकातील बहुतेक जागा उघडे शैलाश्रय आहेत, फ्रान्ससारख्या खोल अंधाऱ्या गुहा नव्हेत. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यावा यासाठी समोरचा कडा निदान सतरा मीटर दूर असावा लागतो. तेव्हा येथे मोजायचे ते गुहेतले घुमणे नव्हे, तर कड्याकडून परत येणारी हाक. सभागृह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोगद्यासारख्या मोठ्या गुहेचा प्रकार त्याहून निराळा.

घाईने निष्कर्ष काढल्यास काय होते, याचा धडाही याच सभागृहाने दिला आहे. २०२१ साली त्याच्या छतावरील एका ठशाला पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म ठरवून जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांत सिद्ध झाले की ते आग्या मोहोळाचे गळून गेलेले पोळे होते! डोळ्यांची ही कथा; कानांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे.

चित्र आणि नाद एकत्र नांदतात असे ठिकाण आपल्या दक्षिणेसही आहे. कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगल येथे नवाश्मयुगीन लोकांनी डोलेराइटच्या काळ्या शिळांवर बैल आणि माणसे कोरली. त्याच शिळांत आघाताने गुळगुळीत झालेले खळगे आहेत, आणि तेथे दगड आपटला की शिळा घंटेसारखी वाजते. निकोल बॉइव्हिन यांनी २००४ साली याची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली, तेव्हाच शेजारच्या दगडखाणींनी या डोंगराला पोहोचत असलेल्या धोक्याकडे लक्ष वेधावे लागले होते. गायी-बैल कोरलेली शिळा सुरुंगाने फुटली, तर तिचे जुने छायाचित्र निदान शिल्लक राहते. तिच्या आवाजाचे काही शिल्लक राहत नाही.

भानपुऱ्याच्या बाबतीत ही चिंता आता अधिक निकडीची आहे. चतुर्भुजनाथ नाल्याच्या चित्रांची लांबच लांब रांग असलेल्या गांधीसागर अभयारण्यात एप्रिल २०२५ मध्ये चित्ते सोडण्यात आले. चित्त्यांमागून वाहने येतील, वाहनांमागून रुंद रस्ते, कठडे, फरसबंदी. त्यात गैर काही नाही. पण समोर एक काँक्रीटची भिंत उभी राहिली की कड्याचा प्रतिध्वनी कायमचा बदलतो. कोकणात आणि गोमंतकात जांभ्यावरील कातळशिल्पांना चिरेखाणींची धास्ती आहे, तिच्याहून ही वेगळी नव्हे. तेव्हा पुरातत्त्व खात्याने चित्राचे माप, रंग आणि क्रमांक लिहिताना नादासाठीही एक रकाना ठेवावा. त्यासाठी भिंतीला हात लावावा लागत नाही, दगड तर मुळीच आपटावा लागत नाही. गुहेच्या मध्यावर एक फुगा फोडायचा आणि ध्वनिग्राहकावर त्याचे विरणे टिपून घ्यायचे. दरकी-चट्टानपासून चतुर्भुजनाथ नाल्यापर्यंतचे हे काम, कठड्यांच्या निविदा निघण्यापूर्वी, दोन माणसांना एका हिवाळ्यात उरकता येण्यासारखे आहे.