मडगार्डला जागा देणारा ब्रेक

पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याला दोन गोष्टींची गरज प्रकर्षाने भासते. एक मडगार्डची आणि दुसरी थोड्या रुंद टायरची. मडगार्ड नसेल तर मागच्या चाकावरून उडालेल्या चिखलाची रेघ थेट पाठीवर उमटते आणि पुढच्या चाकाचे पाणी बुटांत व चेनवर जाते. टायर अरुंद असेल तर पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याचा दणका रिमला आणि मनगटांना बसतो. या दोन्ही वस्तू बाजारात सहज मिळतात. मात्र त्या आणून बसवू लागल्यावर अनेकांच्या लक्षात येते, की आपल्या सायकलवर त्यांना जागाच नाही. दोष फ्रेमचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात अडथळा बहुधा ब्रेकचा असतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी फट नसेल आणि त्यात एखादी काटकी अडकली, तर मडगार्ड दुमडून चाकाबरोबर ओढले जाते आणि चाक क्षणात जागीच अडते. पुढचे चाक असे अडले तर सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणूनच टायर, मडगार्ड आणि ब्रेक यांची निवड वेगवेगळी न करता एकत्र करायला हवी. त्यासाठी ब्रेकच्या निरनिराळ्या जाती आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे.

दांड्यांचा ब्रेक

काळी, उंच, २८ इंची सायकल ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसेल. या सायकलीचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद, त्यावर पूर्ण लांबीचे पत्र्याचे मडगार्ड, आणि तरीही सगळीकडे ऐसपैस जागा. याचे श्रेय तिच्या दांड्यांच्या ब्रेकला जाते. मूठ दाबली की केबलऐवजी लोखंडी दांड्या हलतात आणि रिमला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी रिकिबीसारखी पट्टी सरळ वर ओढली जाते. ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूवर घासतात. ओढ सरळ असल्यामुळे ही पट्टी कितीही मोठी केली तरी जोर कमी होत नाही. त्यामुळे रुंद टायर आणि मडगार्ड तिच्या आत आरामात मावतात.

या रचनेचे दोषही तितकेच ठळक आहेत. तिचे वजन जास्त असते, दांड्यांचे सांधे सैल होतात आणि गुळगुळीत पोलादी रिम ओली झाली की ब्रेक लागायला बराच वेळ जातो. ॲल्युमिनियमच्या रिमवर रबराची पकड ओल्या अवस्थेतही पुष्कळ बरी राहते. केबलचे हलके ब्रेक आणि ॲल्युमिनियमच्या रिम आल्या तेव्हा थांबण्याची खात्री वाढली. पण मडगार्डची जागा मात्र आक्रसली.

‘पोहोच’ म्हणजे काय?

रेसिंग सायकलीवर जो चिमट्यासारखा ब्रेक असतो, त्याला कॅलिपर ब्रेक म्हणतात. तो एकाच बोल्टने टायरच्या वर, फ्रेमला किंवा पुढच्या फोर्कला बसवलेला असतो. त्याचे दोन बाहू टायरला वळसा घालून खाली रिमपर्यंत येतात. बोल्टच्या मध्यापासून रिमच्या ज्या पट्टीवर रबर घासते तिच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ब्रेकची पोहोच. इंग्रजीतला ‘रीच’ हा शब्दही दुकानांत चालतो.

सर्वसाधारणपणे रेसिंगच्या कॅलिपरची पोहोच ३९ ते ४९ मिलिमीटर असते. त्याहून लांब कॅलिपर ४७ ते ५७ मिलिमीटरचे आणि सर्वांत लांब ५५ ते ७३ मिलिमीटरचे मिळतात. बाहूमध्ये उभी खाच असते व त्या खाचेत रबर वरखाली सरकवता येते, म्हणून हे आकडे एक न राहता मर्यादांच्या स्वरूपात दिले जातात.

आता साधा हिशेब करू. टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच असते असे धरायला हरकत नाही. म्हणजे ३२ मिलिमीटरचा टायर रिमच्या पट्टीपासून सुमारे ३२ ते ३५ मिलिमीटर वर येतो. पोहोच ४९ मिलिमीटर असेल तर टायरचा माथा आणि बोल्टचा मध्य यांत जेमतेम १४ ते १७ मिलिमीटर उरतात. त्यातले काही मिलिमीटर ब्रेकच्या स्वतःच्या जाडीत जातात. उरलेल्या जागेत मडगार्ड आणि त्याखालची मोकळी फट या दोन्ही गोष्टी बसवणे अशक्यप्राय ठरते. म्हणूनच ढोबळ नियम असा, की आखूड कॅलिपरवर २५ ते २८ मिलिमीटरचा टायर मडगार्डशिवाय, मधल्यावर २८ मिलिमीटरचा टायर मडगार्डसह आणि सर्वांत लांब कॅलिपरवर साधारण ३५ मिलिमीटरचा टायर मडगार्डसह बसू शकतो.

मग सरसकट लांबच कॅलिपर का वापरू नये? याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे. कॅलिपरचा बाहू ही तरफ आहे. वरच्या भागाची लांबी तीच ठेवून खालचा भाग ४५ वरून ६५ मिलिमीटर केला, तर रिमवरचा दाब सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. शिवाय लांब बाहू अधिक लवतो. चांगले उत्पादक वरचा भागही लांब करून आणि बाहू जाड करून ही उणीव बरीचशी भरून काढतात. स्वस्त, पातळ पत्र्याच्या लांब कॅलिपरमध्ये मात्र ती पूर्णपणे जाणवते. त्यामुळे लांब पोहोचेचा ब्रेक घेताना काटकसर करू नये.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. कॅलिपर सायकलीवर मुळातच बोल्टचे भोक रिमपासून किती उंच आहे, हे फ्रेम तयार करणारा ठरवतो. आखूड पोहोचेसाठी बनवलेल्या फ्रेमवर लांब ब्रेक बसवला तर त्याची रबरे रिमच्या खाली, स्पोकवर येतील. ब्रेक बदलल्याने जागा निर्माण होत नाही. फ्रेममध्ये असलेली जागा वापरता येते, इतकेच.

फ्रान्समधील परंपरा

रुंद टायर, मडगार्ड आणि खात्रीचा ब्रेक यांचा मेळ सर्वांत आधी पद्धतशीरपणे घातला तो फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस ही मोहीम १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. आज ती हौशी सायकलस्वारांसाठी असून सुमारे १,२०० किलोमीटरचे हे अंतर जास्तीत जास्त ९० तासांत पूर्ण करायचे असते. दिवसरात्र, ऊनपावसात चालणाऱ्या या प्रवासासाठी मडगार्ड ही चैनीची वस्तू नव्हती. २००७ च्या मोहिमेत तर पावसाने स्वारांची कठोर परीक्षा पाहिली. महाराष्ट्रातील सायकलस्वारही आता या मोहिमेत भाग घेतात.

रने हर्स, अलेक्स सँजे यांच्यासारख्या पॅरिसच्या कारागिरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात अशा प्रवासासाठी खास सायकली घडवल्या. त्यांवर ६५०-बी या मापाचे रुंद टायर व ॲल्युमिनियमचे मडगार्ड असत. ब्रेकसाठी त्यांनी सेंटर-पुल आणि कँटिलिव्हर हे प्रकार पसंत केले. सेंटर-पुलमध्ये दोन्ही बाहू वेगवेगळ्या खिळींवर फिरतात आणि मधोमध असलेली केबल त्यांना वर ओढते. या खिळी थेट फोर्कला झाळून बसवल्या की त्या रिमच्या जवळ येतात, लवणारा भाग आखूड होतो आणि टायरसाठी वर भरपूर मोकळीक राहते. मफाक या फ्रेंच कंपनीचे असे ब्रेक १९५० च्या दशकात लोकप्रिय होते.

कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेक

कँटिलिव्हरचे बाहू टायरच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमला झाळलेल्या खुंटांवर बसतात. टायरच्या डोक्यावरून फक्त एक आडवी तार जाते. त्यामुळे रुंद टायर आणि मडगार्ड यांना ब्रेकची अडचण जवळजवळ राहत नाही; मर्यादा उरते ती फ्रेमच्या रुंदीची. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. मुख्य केबल तुटली तर ही आडवी तार खाली येऊन फिरत्या टायरमध्ये अडकू शकते. पुढे मडगार्ड असेल तर ते तिला वरच्या वर झेलते. मडगार्ड नसेल तर तार अडवणारा एखादा घट्ट रिफ्लेक्टर तरी बसवावा.

व्ही-ब्रेक ही याच कुळातील पुढची पिढी. शिमानो कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात तो माउंटन बाइकसाठी आणला आणि पुढे साध्या शहरी सायकलींवरही तो रूढ झाला. त्याचे बाहू लांब व उभे असतात आणि केबल टायरच्या वरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवी जाते. साधारण १०० मिलिमीटरहून अधिक लांबीचे बाहू असतील तर केबलखाली मडगार्ड सहसा मावते. ८० ते ९० मिलिमीटरच्या ‘मिनी’ व्ही-ब्रेकमध्ये केबल खाली येते, आणि तिथे रुंद टायर व मडगार्ड यांपैकी एकाला रजा द्यावी लागते.

येथे लिव्हरकडे दुर्लक्ष करून चालत नाही. व्ही-ब्रेकला कॅलिपर किंवा कँटिलिव्हरच्या जवळजवळ दुप्पट केबल ओढावी लागते. कॅलिपरचा लिव्हर व्ही-ब्रेकला जोडला तर रबर रिमवर नीट दाबले जाण्यापूर्वीच लिव्हर हँडलला टेकतो. उलट, व्ही-ब्रेकचा लिव्हर कँटिलिव्हरला जोडला तर हाताला ब्रेक घट्ट, भक्कम लागतो. पण सायकल थांबत नाही. दुसरी चूक अधिक फसवी आहे. ब्रेकचा प्रकार बदलताना त्याला जुळणारा लिव्हरही बदलावा, हे उत्तम.

खुंटांची जागा रिमच्या व्यासाशी बांधलेली असते, ही या दोन्ही प्रकारांची मर्यादा. लहान व्यासाचे चाक घालून रुंद टायरसाठी जागा करायची असेल तर रबरे रिमपर्यंत पोहोचत नाहीत.

डिस्क आणि हबमधील ब्रेक

डिस्क ब्रेकने हा प्रश्न मुळापासूनच बदलला. ब्रेकची चकती हबला असल्यामुळे टायरच्या भोवती ब्रेकचा कोणताच भाग उरत नाही. टायर किती रुंद हवा हे केवळ फ्रेम आणि फोर्क ठरवतात. ७००-सीचे चाक काढून ६५०-बीचे बसवले तरी ब्रेकला फरक पडत नाही. रिम ओली होण्याचा प्रश्नही संपतो. मात्र डिस्कसाठी फ्रेम, फोर्क आणि हब मुळातच तशा बनवलेल्या हव्यात. जुन्या सायकलीवर तो नंतर लावणे सहसा व्यवहार्य नसते. मागचा कॅलिपर फ्रेमच्या बाहेरच्या बाजूस असेल तर मडगार्डच्या सळ्या त्याला अडतात आणि त्या वाकवून किंवा दूर सरकवून बसवाव्या लागतात. तो मागच्या दोन नळ्यांच्या बेचक्यात असेल तर मडगार्ड आणि कॅरिअर दोन्ही सरळ बसतात. पावसात रेझिनचे पॅड लवकर झिजतात, हेही ध्यानात असू द्यावे.

नेदरलँड्समधील रोजच्या वापराच्या सायकलींवर हबच्या आत बंद असलेले ड्रम, रोलर किंवा उलटे पायडल मारून लागणारे ब्रेक विपुल दिसतात. पाणी आणि चिखल आत शिरत नाही, देखभाल कमी लागते, टायर व मडगार्ड यांना पूर्ण मोकळीक मिळते. सपाट शहरासाठी हा उत्तम पर्याय आहे. लांब घाट उतरताना मात्र हे ब्रेक तापतात आणि त्यांचा जोर मंदावतो.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

प्रथम टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचावा. ३७-६२२ याचा अर्थ रुंदी ३७ मिलिमीटर आणि रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. ६२२ म्हणजे ७००-सी, ५८४ म्हणजे ६५०-बी, ५५९ म्हणजे माउंटन बाइकचे जुने २६ इंची माप आणि ६३५ म्हणजे आपली २८ इंची सायकल. इंचांतील आकडे फसवे असतात. मिलिमीटरवर विश्वास ठेवावा. रुंद रिमवर टायर छापील आकड्यापेक्षा अधिक फुगतो, हे गृहीत धरून थोडी जागा जास्त ठेवावी.

त्यानंतर बोल्टपासून रिमच्या पट्टीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद असावे. बसवून झाल्यावर साधी लाकडी पेन्सिल टायर आणि मडगार्ड यांच्यामधून फिरवून पाहावी. ती सुमारे सात मिलिमीटर जाड असते. कुठेही न अडकता ती फिरली तर डांबरी रस्त्यासाठी फट पुरेशी आहे. चिखलाच्या वाटांसाठी याहून अधिक हवी. पुढच्या मडगार्डच्या सळ्या दाब पडताच निसटणाऱ्या क्लिपमध्ये बसवलेल्या असाव्यात. काटकी अडकली तर क्लिप सुटते आणि चाक अडत नाही.

शेवटी, ब्रेक मोकळा करून फुगवलेले चाक बाहेर निघते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. तसे होत नसेल, तर पंक्चर काढून झाल्यावर हवा न भरताच चाक बसवावे लागेल. भर पावसात, रस्त्याच्या कडेला तो उद्योग करण्यापेक्षा दुकानात पाच मिनिटे अधिक घालवणे केव्हाही श्रेयस्कर.

थोडक्यात, नवी सायकल घेणाऱ्याने रुंद टायर आणि मडगार्ड दोन्ही हवे असतील तर डिस्क किंवा लांब बाहूंचा व्ही-ब्रेक निवडावा. घरात चांगली जुनी कॅलिपर सायकल असेल तर आधी पोहोच मोजावी, आणि त्या मापात जो टायर मडगार्डसह मावेल तोच घ्यावा. चार मिलिमीटर रुंदी कमी मिळाली तर रस्ता थोडा खडबडीत वाटेल. फट कमी ठेवली तर मात्र धोका पत्करावा लागेल.