कंपोस्ट, घरगुती

घरातील व बागेतील कुजणाऱ्या कचऱ्यापासून सूक्ष्मजीवांच्या क्रियेने तयार होणाऱ्या काळपट, भुसभुशीत सेंद्रिय खतास घरगुती कंपोस्ट म्हणतात. उकिरड्यातही कचरा कुजतोच. परंतु तेथे हवा व ओलावा यांवर नियंत्रण नसते. कंपोस्ट करताना ते हेतुपुरस्सर राखले जाते. भारतात या विषयाचा शास्त्रीय पाया ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे घातला. वनस्पतिजन्य कचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर रचून ते ठराविक काळाने वरखाली करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांच्या १९३१ मधील ग्रंथात वर्णिली आहे.

सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कार्बन व प्रथिननिर्मितीसाठी नायट्रोजन लागतो. प्रारंभी मिश्रणात त्यांचे गुणोत्तर सु. ३० : १ असणे इष्ट असते. भाजीची देठे, फळांच्या साली, निर्माल्य व हिरवे गवत यांत नायट्रोजन तुलनेने अधिक, तर वाळका पालापाचोळा व लाकडाचा भुसा यांत कार्बन अधिक असतो. म्हणून छिद्रे पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर आकारमानाने निदान तितकाच वाळका कचरा पसरतात. जुने कंपोस्ट किंवा शेणकाला विरजणासारखा उपयोगी पडतो. मिश्रण आठवड्यातून एकदा चाळवतात. ते मुठीत दाबल्यास हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. पाणी अधिक झाल्यास हवा कोंडून अनॉक्सिजीवी सूक्ष्मजीव बळावतात व दुर्गंधी सुटते. अशा वेळी वाळका पाला मिसळून मिश्रण मोकळे करतात.

सु. १ घ. मी. आकाराच्या चांगल्या ढिगाचे तापमान ५५° से.च्या वर जाऊन रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी नष्ट होते. लहान पिंपात इतकी उष्णता टिकत नाही. त्यामुळे रोगट झाडे, बी धरलेले तण व कुत्र्यामांजरांची विष्ठा त्यात घालू नये. मांसमासळीचे अवशेषही टाळतात.

साधारणतः दोन ते चार महिन्यांत खत तयार होते. त्याला ओल्या मातीसारखा वास येतो व मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत. अर्धकच्चे खत घातल्यास त्यातील सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन वापरतात व रोपे पिवळी पडतात. पक्के कंपोस्ट जमिनीची जलधारणशक्ती वाढविते. मात्र त्यातील पोषक द्रव्यांचे प्रमाण रासायनिक खतांपेक्षा पुष्कळ कमी असते.

भारतीय शहरांच्या कचऱ्यात सु. निम्मा भाग कुजणारा असतो. कचराभूमीत तो दडपला गेल्यास मिथेन हा ज्वलनशील हरितगृह वायू निर्माण होतो. तेथे लागणाऱ्या आगींचे ते एक कारण होय. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उगमस्थानीच वेगळा करणे बंधनकारक केले. घरगुती कंपोस्टमुळे ओला कचरा वाहतुकीवाचून उगमस्थानीच जिरतो.