पाणपक्षी आणि बंदुकीची निवड

येलदरीच्या जलाशयावर हिवाळी बदके उतरू लागली, म्हणजे बंदुकीची गोष्ट निघतेच. १९९१ च्या कायदेदुरुस्तीपासून त्यांची शिकार बंद आहे, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे. तथापि पीकरक्षणार्थ बंदूक घेणारास पाणथळीतील जुना अनुभव उपयोगी पडेल. ठासणीची बंदूक स्वस्त, व १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणार्थ तिचाच प्रथम उल्लेख आहे. परंतु तिची दारू ओलीत दगा देते. पंपाच्या बंदुकीत बार अधिक, पण चिखलाने यंत्र अडते, आणि पोटात काडतूस राहिले की काय, हे सहज दिसत नाही. घरात मुले वावरतात! मोडून भरावयाची दुनळी उघडताच दोन्ही नळ्या आरपार दिसतात; आत चिखल असल्यास नळी फुटण्यापूर्वीच कळतो. आम्ही तीच घेऊ. बांध ओलांडताना मात्र काडतुसे काढून ती उघडीच हातावर धरावी.